रांगोळीचा चित्रपट आणि महिन्याचा पगार

वाचकाचं पत्र:

‘ताई, मी सव्वीस वर्षांची, मूळची मिरजेची. पुण्यात ॲनिमेशनचा कोर्स केला आणि नोकरी लागली ती व्हीएफएक्स स्टुडिओत, रोटोच्या कामाची. दुसऱ्यांच्या चित्रपटातल्या माणसांच्या कडा दिवसभर आखत बसते. पगार २४ हजार, खोलीवर परतायला रात्रीचे नऊ. गेल्या दिवाळीला आठ दिवस घरी होते, तेव्हा काळ्या पाटावर रांगोळी पसरून, एकेक फोटो काढत, सेकंदाला बारा या हिशेबाने पन्नास सेकंदांची फिल्म केली. आमच्या गल्लीत तानपुरे बनतात. त्या आवाजावर रेषा हलतात, गोष्ट अशी काही नाही. आवाज एका जुन्या रेकॉर्डवरून घेतलाय. लिंक सोबत पाठवते आहे. मला आयुष्यभर हेच करायचंय. नोकरी सोडावी असं रोज वाटतं. बाबा विचारतात, “याचे पैसे कोण देणार?” आई विचारते, “स्थळाच्या बायोडेटात काय लिहायचं?” मला दोन्हींची उत्तरं येत नाहीत. प्रायोगिक ॲनिमेशन करणारी माणसं जगतात तरी कशी?’

– एक वाचक, पुणे

उत्तर:

तुझी फिल्म मी पुन्हा पुन्हा पाहिली, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. तारेच्या पहिल्या ठोक्याला रांगोळीची सरळ ओळ मधोमध फुगते आणि आवाज विरत जाताना तिची कड विस्कटते, कण सुटे होऊन बाजूला सरकतात. तानपुऱ्याच्या जवारीत हेच घडतं. तार घोडीच्या, म्हणजे ती ज्या पट्टीवरून जाते तिच्या, अंगाला घासत जाते आणि एका सुरातून कितीतरी बारीक सूर सुटतात. हे तू एकही शब्द न वापरता दाखवलंस. पाहताना मला आवाज आधी ऐकू आला की रेषा आधी दिसली, हे सांगता येईना. तिसाव्या सेकंदाच्या आसपास मात्र त्या रेषांमधून गायकाचा चेहरा तयार होतो आणि फिल्मचा जीव तिथे कमी होतो. लोकांना काहीतरी कळावं म्हणून तू तो घातला असणार. तो काढून टाक. रेषेवर तुझा विश्वास आहे हे पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतं, तोच शेवटपर्यंत टिकव.

आता बाबांचा प्रश्न. तो त्यांनी टोमणा म्हणून विचारला असेल तरी तू तो मनापासून घे, कारण या वाटेवरच्या प्रत्येकाला तो सोडवावा लागला आहे. तिकीटविक्रीतून त्याचं उत्तर जवळजवळ कुणालाच मिळालेलं नाही. पैसे नेहमी दुसरीकडून आले आहेत: सरकारी खात्याकडून, जाहिरातींतून, शिष्यवृत्तीतून, शिकवण्यातून. फरक पडतो तो पैसे देणारा बदल्यात काय मागतो, याने.

न्यूझीलंडमधून लंडनला गेलेल्या लेन लाय यांचं उदाहरण घे. कॅमेऱ्याला पैसे नाहीत म्हणून ते थेट फिल्मच्या पट्टीवर रंग लावत. १९३५ मध्ये ब्रिटिश पोस्ट खात्याने त्यांच्या ‘अ कलर बॉक्स’ला पैसे दिले. बदल्यात खात्याला एवढंच हवं होतं, की शेवटी पार्सलच्या स्वस्त दरांची जाहिरात यावी. म्हणजे बाकीची सगळी फिल्म लाय यांची. आता दुसरी बाजू बघ. ऑस्कर फिशिंगर हे जर्मन चित्रकार संगीतावर आकार नाचवण्यात हयात घालवलेले, तुझ्या कामाच्या अगदी जवळचे. ते अमेरिकेला गेले, डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या ॲनिमेशनपटावर बाखच्या संगीताच्या भागासाठी त्यांना घेतलं. चांगला स्टुडिओ, नियमित पगार. पण त्यांचे शुद्ध आकार बदलून ओळखीच्या वस्तूंसारखे करायला लागले, तेव्हा वर्षभराच्या आतच ते बाहेर पडले. पुढे गुगेनहाइम प्रतिष्ठानाच्या आधारावर त्यांनी १९४७ मध्ये ‘मोशन पेंटिंग नंबर वन’ केली. पारदर्शक ॲक्रिलिकच्या तक्त्यांवर तैलरंगाचा एकेक फटकारा मारायचा आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर एक फ्रेम टिपायची. १९४९ मध्ये बेल्जियमच्या प्रायोगिक चित्रपट स्पर्धेत तिला मोठं पारितोषिक मिळालं. त्यानंतर १९६७ मध्ये वारेपर्यंत त्यांना पुन्हा तसा मोठा चित्रपट करता आला नाही. ते चित्रं काढत राहिले. हे तुला घाबरवायला सांगत नाही. पुरस्कार मिळाला की पुढच्या कामाची सोय झाली असं धरून चालू नये, एवढ्यासाठी सांगते.

आपल्याकडेही हेच चित्र आहे. मुंबईत फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या माहितीपट खात्यात प्रमोद पती सरकारी नोकरीत होते. कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं कामही त्यांच्या वाट्याला यायचं, आणि त्याच छपराखाली त्यांनी १९७२ मध्ये ‘आबिद’ केली. चित्रकार आबिद सुरती यांना बाहुलीसारखं फ्रेमगणिक हलवून टिपलेली ती काही मिनिटांची फिल्म आजही ताजी वाटते. सरकारी पैशातून असं काही निघू शकतं, कारण त्या काळी तिथे प्रयोगाला वाव देणारे वरिष्ठ होते. आज फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं आहे आणि अशी पगारी जागा तुझ्यासाठी कुणी राखून ठेवलेली नाही. ही उणीव खरी आहे आणि तिचं मला फार वाईट वाटतं. तिच्याबद्दल मोठ्याने बोललंही पाहिजे. पण तिच्या भरून येण्याची वाट बघत तू थांबू नकोस.

तुझी नोकरी बदल्यात काय मागते ते आता बघू. ती तुझ्या कल्पना मागत नाही, ही तिची जमेची बाजू. पण ती डोळे मागते, मनगट मागते आणि दिवसाचे दहा तास मागते. रोटो आणि फ्रेमगणिक ॲनिमेशन दोन्हींना शरीराचा तोच भाग लागतो. दिवसभर कडा आखून आलेला हात रात्री रांगोळीवर चालत नाही, यात तुझा आळस नाही. म्हणून ही नोकरी कायमची धरून ठेव असं मी म्हणणार नाही. आज सोड असंही म्हणणार नाही, कारण तुझ्याच पत्रातले आकडे वेगळं सांगतात.

सेकंदाला बारा चित्रं, पन्नास सेकंद, म्हणजे ६०० चित्रं. ती तू आठ दिवसांत केलीस. म्हणजे पूर्ण मोकळ्या दिवशी तुझी ७५ चित्रं होतात. महोत्सवाला पाठवता येईल अशी तीन मिनिटांची फिल्म धर. १८० सेकंद, २,१६० चित्रं. ७५ ने भाग. २९ दिवस. फसलेले शॉट, आवाजाचं काम, संकलन यासाठी दीडपट कर, साधारण ४५ दिवस होतात. तू मला आयुष्यभराचा प्रश्न विचारलास, पण या घडीला तुझ्यासमोरचा प्रश्न ४५ मोकळ्या दिवसांचा आहे. ते नोकरी न सोडता मिळू शकतात. एक प्रोजेक्ट संपून दुसरा सुरू होताना बिनपगारी रजा मागता येते. बऱ्याच स्टुडिओंना दोन प्रोजेक्टच्या मधल्या काळात ती सोयीचीच पडते. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या धरल्या तर वर्षभरात ती फिल्म हातावेगळी होते.

रविवारी काम करायचं तर एक अडचण आहे, आणि ती तुझ्या माध्यमातच आहे. रांगोळीत मागचं चित्र मोडूनच पुढचं तयार होतं. अर्धा शॉट झालेला पाट आठवडाभर तसाच ठेवायचा तर खोलीतल्या मैत्रिणीने केर काढला किंवा खिडकीतून वारा आला, की सगळं गेलं. मागे जाऊन दुरुस्ती नाही. तेव्हा फिल्मच अशी बांध की प्रत्येक शॉट एका दिवसात सुरू होऊन त्याच दिवशी संपेल. ७५ चित्रं म्हणजे सहा सेकंद. सहा-सहा सेकंदांचे तीसेक शॉट, प्रत्येकाची सुरुवात कोऱ्या पाटापासून. तारेच्या ठोक्याला शॉट सुरू, आवाज विरला की शॉट संपला. तुझ्या विषयाला ही मर्यादा शोभून दिसेल.

तांत्रिक बाजूही थोडी सांगते, कारण बाराव्या सेकंदाला तुझ्या फिल्ममध्ये उजेड उडतो. खिडकीतून ऊन येत होतं आणि मध्ये ढग आला असणार. खिडकीला जाड कापड लाव. दोन एलईडी दिवे घे आणि ते पाटाच्या अगदी कडेला, खाली टेकवून ठेव. वरून उजेड पडला की रांगोळी सपाट पांढरी दिसते. बाजूने, खालच्या कोनातून पडला की प्रत्येक कणाची बारीक सावली पडते आणि रेषेला अंग येतं. तुझ्या फिल्ममध्ये हे दोन-तीन ठिकाणी आपोआप झालंय, तेच आता ठरवून कर. फोनवर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक कर. फोन स्टँडला पक्का बांध आणि बटण हाताने दाबू नकोस, इयरफोनच्या किंवा ब्लूटूथच्या रिमोटने दाब. पंखा बंद. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पंखा बंद करून बसणं किती अवघड हे मला ठाऊक आहे, पहाटे बस. काचेखालून उजेड देण्याचा मोह कुणीतरी तुला घालेलच, कारण वाळूचं ॲनिमेशन बहुतेक तसं करतात. पण रांगोळीतून उजेड आरपार येत नाही, ती नुसती काळी सावली दिसेल आणि तुझा पांढरा रंग जाईल.

आणि दर रात्री काढलेल्या फोटोंच्या दोन प्रती ठेव, दोन वेगळ्या ठिकाणी. चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत १९६९ ते १९७२ या काळात नेहरू फेलोशिपच्या पैशातून चित्रकार आणि चित्रपटवाल्यांसाठी एक कार्यशाळा चालवली. तिथूनच त्यांची ‘सिझिजी’ आली, नुसत्या रेषा आणि बिंदूंची, राम मोहन यांनी ॲनिमेट केलेली. त्याच काळातल्या त्यांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकुलती एक प्रत हरवली, आणि आज ती फिल्म कुणालाही पाहता येत नाही. एवढ्या मोठ्या चित्रकाराची. हार्ड डिस्क हजारो रुपयांची वाटते, तरी घे.

रेकॉर्डवरून घेतलेला आवाज बदल. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे फार जुन्या रेकॉर्ड इथे मोकळ्या असू शकतात. पण इतर देशांचे नियम वेगळे आहेत आणि महोत्सवाच्या अर्जात संगीताचे हक्क कुणाचे, हे लिहून द्यावं लागतं. तू तर मिरजेची! तुझ्या गल्लीत जवारी लावणारे हात आहेत. त्यांच्याकडे बसून ते घोडी घासत असतानाचा, दोरा सरकवत असतानाचा, सूर उघडत जातानाचा आवाज रेकॉर्ड कर. वापरायची परवानगी एका कागदावर सहीनिशी घे, त्यांना पैसे दे आणि फिल्मच्या शेवटी नाव लिही. रेकॉर्डवरच्या गाण्यापेक्षा हा आवाज तुझ्या रेषेला जास्त जवळचा आहे. त्या घासण्यातच कदाचित तुझी फिल्म सुरू होईल.

आणखी एक कागद तपास, नोकरीचा करारनामा. काही करारांमध्ये असं कलम असतं की नोकरीत असताना कर्मचाऱ्याने तयार केलेली कुठलीही कलाकृती कंपनीच्या मालकीची. तसं असेल तर एचआरला मेल करून लेखी विचार: घरी, स्वतःच्या साधनांवर, सुट्टीत केलेल्या फिल्मवर कंपनीचा हक्क नाही ना? उत्तर जपून ठेव. हा विषय फिल्म होण्याआधी काढलेला बरा, नंतर त्यात कटुता येते. ऑफिसचा संगणक आणि सॉफ्टवेअर या कामासाठी अजिबात वापरू नकोस.

४५ दिवसांनंतर, फिल्म हातात आल्यावर, नोकरी बदलायचा विचार कर. सोडायचा नव्हे, बदलायचा. तेव्हा पगाराइतकंच हेही विचार, की या कामानंतर माझा हात आणि डोळे शिल्लक राहतात का. डिझाइन कॉलेजात तासिकेवर शिकवणं, शाळांमध्ये मुलांच्या कार्यशाळा, पुस्तकांची चित्रं, संस्थांसाठी आरोग्यावरच्या किंवा शेतीवरच्या छोट्या माहितीफिल्म, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड. जाहिरातींसाठी ॲनिमेशन करण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि त्या कामाला मी कधीच कमी लेखलं नाही. अलेक्सांद्र अलेक्सेएफ आणि क्लेअर पार्कर या जोडप्याने हजारो टाचण्यांच्या फळीवर सावल्यांची एक अद्भुत फिल्म १९३३ मध्ये केली, वाहवा झाली, पैसे मिळाले नाहीत. मग त्यांनी पॅरिसमध्ये वर्षानुवर्षं जाहिरात-फिल्म करून घर चालवलं आणि टाचण्यांची फळी सोडली नाही. शिक्षण पुढे घ्यायचं असेल तर अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन संस्था, पवईच्या आयआयटीतला आयडीसी हा डिझाइन विभाग आणि कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट संस्था या तिन्ही ठिकाणी ॲनिमेशनमध्ये स्वतःची फिल्म करायला मिळते. पदवीपेक्षा ती फिल्म आणि तिथली माणसं महत्त्वाची.

अनुदानासाठी बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे बघ. अर्ज लिहिताना पानंच्या पानं तत्त्वज्ञान लिहू नकोस, नमुना दाखव. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ला भांडवल हवं होतं तेव्हा कुंडीतला वाटाणा उगवताना फ्रेम-फ्रेमने टिपला आणि ती छोटी फिल्म पैसे देणाऱ्यापुढे ठेवली. त्यावर त्यांना भांडवल मिळालं. तुझा वाटाणा म्हणजे पहिलं अर्धं मिनिट, चेहरा काढून टाकलेलं.

महोत्सवांचं थोडक्यात. मुंबईचा मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, दर दोन वर्षांनी असतो आणि तिथे ॲनिमेशनचा वेगळा विभाग आहे. परदेशात फ्रान्सचा ॲनेसी, झाग्रेब, ओटावा. शुल्क न घेणाऱ्या महोत्सवांना आधी पाठव. पूर्ण फिल्म यूट्यूबवर लगेच टाकू नकोस, काही ठिकाणी आधी प्रसिद्ध झालेली फिल्म चालत नाही. नकार भरपूर येतील, त्यात बऱ्याचदा कारणही दिलेलं नसतं.

वेळेबद्दलही मनाची तयारी असू दे. ॲनिमेशन दिग्दर्शक गीतांजली राव या मुंबईच्या जेजेतून शिकलेल्या. ‘प्रिंटेड रेनबो’ त्यांनी जवळजवळ एकटीने रंगवली आणि २००६ मध्ये ती फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक या विभागात गेली. त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट ‘बॉम्बे रोझ’ व्हेनिसला दाखवला गेला तो २०१९ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत लघुपट केले, हिंदी चित्रपटात अभिनयही केला. त्यांच्यासारखीच्या वाटेतही एवढी वर्षं जातात. तू सव्वीसची आहेस. चाळिशीपर्यंत पाच-सहा छोट्या फिल्म पूर्ण झाल्या, तर ते उत्तम चाललेलं करिअर आहे असं मी म्हणेन, मग पगार त्या प्रत्येक वर्षी कुठूनही आलेला असो.

बाबांना यातलं सगळं सांगत बसू नकोस. त्यांना दोन गोष्टी दे: एक तारीख, जेव्हा फिल्म पूर्ण होईल, आणि एक आकडा, जो नोकरी बदलण्याआधी तुझ्या खात्यात जमा असेल. सहा महिन्यांचा खर्च पुरेल एवढा. खोलीचं भाडं, मेस, घरी पाठवतेस ते पैसे, सगळं धरून तो आकडा तूच काढ आणि त्यांना कागदावर दाखव. त्यांची काळजी तुझ्या फिल्मबद्दल नाही, तुझ्या पुढच्या भाड्याबद्दल आहे. आणि ती काळजी योग्य आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. बायोडेटात ‘ॲनिमेशन चित्रपट दिग्दर्शक’ असं लिही आणि त्याखाली सध्याची नोकरी व पगार, दोन्ही खरं खरं. भेटायला येणाऱ्या मुलाला ते पन्नास सेकंद दाखव. त्याला आवडायलाच हवेत असं नाही. पण सणासुदीला खोलीचं दार लावून, पंखा बंद करून तू पाटासमोर बसणार आहेस, आणि त्या दिवशी घरात पाहुणे बोलवायचे नाहीत, हे त्याला आधी सांग. तो काय म्हणतो ते ऐक आणि आईलाही ऐकू दे.